कलेची फी आणि कलेचा खर्च



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, ते शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकलेच्या शिक्षकाचं आयुष्य कसं जातं ते इथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. स्नेहसंमेलन आलं की रात्री दहापर्यंत थर्माकोल कापत बसायचं ते सरांनीच. मंत्री आले तर स्वागताचा फळा त्यांनीच रंगवायचा. एवढं सांभाळून उरलेल्या वेळात मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवायचं. सरांनी हे सगळं केलं आणि त्यातली काही मुलं पार कला महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेऊन सोडली. त्या दारातून आत गेल्यावर मुलाच्या खर्चाचं काय होतं, हा आजचा विषय. चित्र असो, शिल्प असो, गाणं, नाच, नाटक असो. बारावी करून त्या वाटेला लागलेल्या मुलाच्या शिष्यवृत्तीबद्दल मी बोलणार आहे.

म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटची एसटी गाठायची असेल त्यांना मध्येच उठता येईल. आपल्याकडे कलेच्या विद्यार्थ्याला मिळणारी मदत बहुतेक फीपुरती असते आणि ती येते वर्ष सरता सरता. त्यातही ज्याने आधीच काही करून दाखवलंय त्याचा नंबर पहिला लागतो. खरी गरज असते ती अजून काहीच करून न दाखवलेल्या पोराला, जून महिन्यात, आणि फी सोडून बाकी सगळ्या गोष्टींसाठी.

मांडव्याच्या धक्क्यापासून जवळच सासवने नावाचं गाव आहे. अलिबागला जाणारे लोक समुद्रावर जातात, कुलाबा किल्ला बघतात आणि परततात. फार थोडे सासवन्याला वाकडी वाट करून थांबतात. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आहे आणि त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय. तिथली सिमेंटची म्हैस पाहा. म्हशीचं अंग कसं सुस्त सांडलेलं असतं, हे ज्याने गोठ्यात तासन्‌तास बघितलंय त्यालाच असं काही जमतं. तर 1891 साली जन्मलेल्या या करमरकरांनी पोरवयात गावातल्या रामाच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड फिरतीवर असताना ते त्यांच्या नजरेस पडलं. साहेबांनी चित्र काढणाऱ्या मुलाची चौकशी केली, त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवलं आणि खर्चाचीही सोय लावली. पुढे 1928 साली पुण्यात शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो करमरकरांच्या हातचा.

ही गोष्ट आपल्याकडे दैवयोग म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. रॉथफेल्डने त्या मुलाकडे काय मागितलं? गुणपत्रिका मागितली नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जिल्हास्तरीय स्पर्धेचं प्रमाणपत्र नाही. समोर भिंत होती, ती त्याने नीट बघितली. आणि मग फी किती एवढंच न विचारता मुलगा मुंबईत राहील कसा, याचाही विचार केला. आजच्या कुठल्याही शिष्यवृत्तीच्या अर्जाशेजारी ही दोन कामं ठेवून पाहा. अर्जात चित्राला जागाच नसते; असलीच तर दोन एमबीच्या आत बसणारी जेपीजी.

अर्थात, फिरतीचा रस्ता दुसऱ्या गावातून गेला असता तर? साहेबाला चित्रात रस नसता तर? त्याच काळात कोकणातल्या आणखी किती देवळांच्या भिंतींवर किती पोरांनी काय काय काढलं असेल आणि पुढच्या दिवाळीला त्यावर चुन्याचा हात फिरला असेल, याचा हिशेब कुणाकडेच नाही. म्हणून व्यक्तीच्या नजरेवर थांबून चालत नाही, संस्था लागते. सर जमशेटजी जीजीभॉयांनी 1853 साली मुंबईत कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 साली ती शाळा, म्हणजेच जे. जे., सुरू झाली. त्या काळचे लाख रुपये! पण शाळा उभी राहिली म्हणून सासवन्याचं पोर तिथे पोहोचत नाही. मधला खर्च कुणीतरी उचलावा लागतो. तो भाग दीडशे वर्षं आपण नशिबावरच सोडून दिलेला आहे.

गाण्याकडे वळू. संगीतात हा मधला खर्च उचलण्याची आपली जुनी रीत होती: वार लावून जेवणं आणि माधुकरी. मुलगा गुरूकडे राहणार, पाणी भरणार, सोमवारी एका घरी जेवणार, मंगळवारी दुसऱ्या. या रीतीचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा त्या पोराच्या जागी बसून बघावं. ज्या घरचा वार चुकला त्या दिवशी उपास. शिवाय ही सोय कुठल्या जातीच्या मुलांना होती आणि कुणाला नव्हती, हेही झाकून ठेवण्यासारखं नाही. बालकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी वणवण करत ग्वाल्हेरला पोहोचले आणि ख्यालाची गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. त्यांच्या हालअपेष्टांच्या कथा आपण रंगवून सांगतो. जे पोहोचले नाहीत त्यांच्या कथा सांगायला कुणी उरत नाही, म्हणून हालांनीच कलावंत घडतो असा गैरसमज होतो.

बालकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, 1872 चा. लहानपणी फटाक्यांच्या अपघातात डोळे गेल्यासारखे झाले, शाळेचं शिक्षण थांबलं आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने गाणं सुरू झालं. म्हणजे त्यांनी स्वतः दुसऱ्याच्या पैशावर शिकणं काय असतं ते अनुभवलं होतं. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा राजाच्या मर्जीवर न चालणारी, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटाच्या पैशावर चालणारी संगीतशाळा त्यांना हवी होती. तिथे उपदेशक वर्ग होता. त्यातल्या मुलांची राहण्याजेवण्याची सोय विद्यालयच करायचं, शिक्षण फुकट, आणि बदल्यात मुलाने नऊ वर्षं तिथे राहायचं अशी लेखी अट.

नऊ वर्षांची अट आज कुणाला जाचक वाटेल. मलाही थोडी वाटते. पण हिशेब स्वच्छ होता. गाणं तयार व्हायला किती वर्षं लागतात ते पंडितजींना ठाऊक होतं, आणि तेवढ्या वर्षांच्या भाकरीची जबाबदारी ते घेत होते. दोन वर्षं पैसे देऊन पुढे तुझं तू बघ, असं नव्हतं. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी या परंपरेतून बाहेर पडली. ओंकारनाथ ठाकूरांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. घरची परिस्थिती इतकी ओढग्रस्त की पोरवयात स्वयंपाक्याच्या हाताखाली काम केलं, गिरणीत काम केलं, रामलीलेत उभे राहिले. त्यांचं गाणं ऐकून शापुरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनी त्यांना मुंबईला पंडितजींच्या तिथल्या विद्यालयात पाठवायचा खर्च उचलला. पुढे 1916 साली तेच ओंकारनाथ लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले.

आणि पंडितजींच्या मुंबईतल्या विद्यालयाचं काय झालं? तिथल्या इमारतीचं कर्ज डोईजड झालं आणि इमारत लिलावात गेली. एका माणसाने मैफली करायच्या, त्या पैशावर शंभर पोरांची पानं मांडायची आणि वर इमारतीचे हप्ते भरायचे, हे किती दिवस चालणार? मुलांच्या जेवणावर केलेला खर्च वाया गेला नाही, विटा-चुन्यात घातलेला गेला. आजही देणगीदार भेटले की त्यांना इमारतच बांधायची असते, कारण इमारतीला संगमरवरी पाटी लावता येते. मुलाच्या खानावळीच्या बिलावर नाव कोरता येत नाही.

आता 1943 सालात येऊ. नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेला सय्यद हैदर रझा नावाचा एकवीस वर्षांचा तरुण. मध्य प्रांत सरकारने त्याला जे. जे. मध्ये शिकायला शिष्यवृत्ती दिली. तो मुंबईत येऊन पोहोचेपर्यंत प्रवेशाची मुदत टळली होती. प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही गेली. तो परत गेला असता तर कुणी दोष दिला नसता. रझा मुंबईत राहिला, एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, काम सांभाळून चित्रं काढली, पुढे जे. जे. मध्ये शिकला, आणि 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या चित्रांच्या लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात वाचताना मला मात्र ती टळलेली मुदत आठवते. फ्रान्सची शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली, आपली हुकली.

उशीर ही किरकोळ कारकुनी बाब नव्हे. वर्ग जूनमध्ये किंवा प्रवेशफेऱ्या लांबल्या तर पावसाळाभर कधीतरी सुरू होतात. खोलीचं डिपॉझिट तेव्हा द्यावं लागतं, सामान तेव्हा घ्यावं लागतं. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात येईपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली असते. तोवर बापाने व्याजाने पैसे काढलेले असतात किंवा पोराने शिक्षण सोडून साइनबोर्डच्या दुकानात फ्लेक्सचं डिझाइन करायला सुरुवात केलेली असते. अशी मुलं मी कला महाविद्यालयात शिकवताना दर वर्षी बघितली. ती नापास होत नाहीत, फक्त दिवाळीनंतर दिसेनाशी होतात.

आज सरकारी योजना नाहीत का? आहेत. तपशिलात बघू, कारण घोळ तिथेच आहे. केंद्राच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असते. वर्षाला 3,600 रुपये, शिवाय गुरूची किंवा संस्थेची फी 9,000 रुपयांपर्यंत. एकदा निवड झाली की ती विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. चांगली योजना आहे, फक्त महिन्याला 300 रुपयांत आज काय येतं ते विचारू नका. दुसरी तरुण कलावंतांसाठी: अठरा ते पंचवीस वय, महिन्याला 5,000, दोन वर्षं; पण अर्ज करताना किमान पाच वर्षांचं शिक्षण झालेलं हवं. राज्याचीही पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने शास्त्रीय संगीताची युवा शिष्यवृत्ती आहे, तीही मोजक्याच जणांना.

आता तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी घ्या. चौदाव्या वर्षापर्यंत तिला कुणी हेरलं नाही, कारण हेरणारं कुणी नव्हतं. सोळाव्या वर्षी कळलं की हिचा गळा वेगळा आहे. पहिल्या योजनेचं दार बंद झालेलं, दुसरीला पाच वर्षांची तालीम हवी. म्हणजे नेमकी बारावीची वेळ, जिथे आयुष्याचा फाटा फुटतो, तिथे तिच्यासाठी काहीच नाही. आणि पन्नाशी उलटली की राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, तेही महिन्याला 5,000. ते मिळालंच पाहिजे, वाढलंही पाहिजे. तमाशातल्या, दशावतारातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं त्यावर चालतात. पण अठराव्या वर्षी हात दिला असता तर यातल्या किती जणांना पन्नासाव्या वर्षी अर्ज करावा लागला नसता?

चित्रकलेची तर वेगळीच गंमत आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, बी ला 5, सी ला 3. हे गुण मिळायला लागल्यापासून परीक्षेला बसणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या सात गुणांचं मूल पुढे काय करतं? त्यांच्या जोरावर शहरातल्या चांगल्या कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतं. चित्रातून मिळालेले गुण चित्र सोडून जायला उपयोगी पडतात! पालकांना मी दोष देत नाही. चित्रकलेला वाव दिला म्हणून सरकारला शाबासकी मात्र देववत नाही.

फीच्या सवलतीचंही तसंच. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून शिकवणी शुल्कात सवलत मिळते. अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. विचार योग्य दिशेचा आहे. पण सरकारी कला महाविद्यालयं तीनच शहरांत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिथल्या फीचा आकडा मुलांना घाबरवत नाही. घाबरवते ती सामानाची यादी.

ती यादी कुणी पालकांनी बघितली आहे का? ड्रॉइंग बोर्ड, कार्ट्रिज शीट, टू बी पासून एट बी पर्यंत पेन्सिली, चारकोल, पोस्टर कलर, ब्रश. हे पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी पेंटिंगला गेलं की कॅनव्हास आणि तैलरंग. आणि इथे एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. चांगल्या प्रतीच्या रंगांच्या सगळ्या ट्यूबांची किंमत सारखी नसते. गेरू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर हे मातीचे रंग स्वस्त. कॅडमियम रेड, कॅडमियम यलो, कोबाल्ट ब्लू महाग, काही वेळा दुपटी-तिपटीने. गरीब घरचं मूल दुकानात काय उचलणार? वर्षअखेरच्या प्रदर्शनात भिंतीवरून नजर फिरवली की मला नावं न वाचता कळायचं कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे. काही चित्रं तपकिरी असायची. बाहेरून आलेले परीक्षक म्हणायचे, ‘याचं रंगभान मंद आहे, जरा धीट व्हायला हवं.’ धीट कसला होतोय? त्याच्या पेटीत लाल रंगच नव्हता. वर्गातला एखादा मित्र अर्धी ट्यूब पिळून द्यायचा, तेव्हा कुठे त्या पोराच्या कॅनव्हासवर एक जास्वंद उमलायची.

शिल्पकलेत प्लास्टर आणि ओतकामाचा खर्च. कथक शिकणारीचे घुंगरू. भरतनाट्यम्‌चं अरंगेत्रम्‌ म्हणजे पहिलं जाहीर सादरीकरण, त्याला तर एका लग्नाचा खर्च. तबल्याचं पान फाटलं की रियाज थांबतो. मिरजेहून तानपुरा आणायचा तर शेतकऱ्याच्या घरात तो विषय कुणी काढतच नाही. फोनमधल्या तानपुऱ्यावर भागवतात. यातलं काहीच फीच्या पावतीवर येत नाही, म्हणून कुठल्याही प्रतिपूर्तीत बसत नाही.

सगळ्यात महाग वस्तू तर या यादीतही नाही: वेळ. इंजिनिअरिंगचं मूल संध्याकाळी क्लास घेऊन खर्च भागवू शकतं. कलेच्या मुलाचं संध्याकाळीच काम सुरू होतं. स्टेशनवर स्केचिंग करायला जायचं, पहाटे खर्ज लावायचा, रात्री तालीम करायची. ते तास नोकरीला विकले की डिग्री मिळते, कला राहून जाते. पंडितजींच्या नऊ वर्षांच्या कराराचा मला अर्थ लागतो तो इथे.

आता बाहेरचं एक उदाहरण. अमेरिकेत 1981 साली टेड आणि लिन ॲरिसन या दांपत्याने एक संस्था काढली, आज ती यंगआर्ट्स म्हणून ओळखली जाते. ॲरिसन क्रूझ जहाजांच्या धंद्यातले, कलेशी व्यवसायाचा संबंध नाही. पंधरा ते अठरा वर्षांची, म्हणजे आपल्या दहावी-बारावीची मुलं ही त्यांची कक्षा. मुलांनी कामाचे नमुने पाठवायचे, त्या त्या कलेतल्या माणसांनी ते बघायचे. कॉलेज कुठलं घेणार, गुण किती, हे आधी नाही. अमेरिकेचं सगळंच अनुकरण करावं असं नाही. तिथल्या कॉलेजांच्या फीने मुलं आयुष्यभर कर्जात बुडतात. पण जे वय आपल्या योजनांतून निसटतं तेच त्यांनी बरोबर धरलं, एवढं घेण्यासारखं आहे.

प्रश्न विचारला जाणार, म्हणून मीच विचारतो: एवढं करून मूल पोटापाण्यासाठी काय करणार? आणि निवड चुकली तर? चुकेल. दहातली सहा मुलं चित्रकार होणार नाहीत. कुणी शाळेत शिक्षक होईल, कुणी ॲनिमेशनमध्ये जाईल, कुणी नाटकाचं नेपथ्य करेल, कुणी मूर्तींचा कारखाना काढेल. याला मी चूक म्हणत नाही. मेडिकलच्या जागेवर सरकार किती खर्च करतं आणि त्यातले किती डॉक्टर गावात राहतात, हा हिशेब मांडताना आपण इतके काटेकोर नसतो. कलेच्या पाच-दहा हजारांवरच आपली काटकसर जागी होते.

निवड कशी करावी, हे मात्र रॉथफेल्डकडून शिकावं. काम बघा. प्रमाणपत्रं घेतली तर ज्याच्या घरी स्पर्धेच्या गावापर्यंतचं एसटीचं भाडं होतं तोच जिंकतो. मुलाची वही मागा, त्याच्या खोलीची भिंत बघा, त्याला समोर बसवून तासभर काढू द्या किंवा गाऊ द्या. त्यासाठी दोन जाणकार शिक्षक आणि एक दुपार पुरते.

विश्वस्तांना आता थेट सांगतो. व्याख्यानमालेचा निधी आहे, दर वर्षी व्याख्याते येतात, शाल-श्रीफळ होतं, मानधनाचं पाकीट दिलं जातं. आज मला द्यायचं पाकीट मला देऊ नका. सरांच्या नावाने एक छोटा निधी वेगळा काढा, त्याची सुरुवात त्यातून करा. फी भरू नका, ती सरकारकडून मिळण्याची वाट आहे. खोली, खानावळ आणि सामान यांसाठी पैसे द्या, आणि एका मुलाला द्याल तर चारही वर्षं द्या. दहा मुलांना हजार-हजार रुपये वाटून फोटो काढण्यापेक्षा दोघांचा पूर्ण भार उचला. सामानाच्या दुकानाशी बोलून ठेवा, म्हणजे मुलाला यादी घेऊन गल्ल्यासमोर उभं राहावं लागणार नाही. सत्कार समारंभाला त्यांना बोलावू नका. करार लिहून घेऊ नका. इथल्या पालकांपैकी ज्यांची मुलं स्थिरस्थावर झाली आहेत, त्यांनी जाताना दारातल्या वहीत आपलं नाव आणि वार्षिक रक्कम लिहावी. अर्ज मे महिन्यात मागवा, काम दोन दिवसांत बघून घ्या, आणि पैसे 10 जूनच्या आत मुलाच्या हातात द्या.